सेवेच्या नावाने बारा तास

रुग्णसेवा हे व्रत होय, या एका वाक्याने महाराष्ट्रातील परिचारिकांचे जेवढे नुकसान केले आहे तेवढे रिक्त जागांनी आणि थकलेल्या पगारांनीही केले नसेल. रिक्त जागेविरुद्ध अर्ज करता येतो, थकलेल्या पगारासाठी मोर्चा काढता येतो. व्रताविरुद्ध मात्र काहीच करता येत नाही. व्रतस्थ माणूस तास मोजत नाही असे एकदा ठरले, की तास मोजण्याचा अधिकार आपोआप मालकाकडे जातो. खासगी इस्पितळांच्या धन्यांना आणि सरकारच्या वित्त विभागाला ही गोष्ट फार पूर्वीच उमगलेली आहे. आज परिचारिकांच्या बारा तासांच्या पाळीची जी वकिली चालू आहे ती या जुन्या वाक्याचीच सुधारून वाढवलेली आवृत्ती होय. व्रताच्या जागी तेवढा ‘लवचिकता’ हा शब्द आला आहे.

३ सप्टेंबर २०२५ रोजी राज्य मंत्रिमंडळाने कामाच्या तासांविषयीचे कायदे बदलण्यास मान्यता दिली. कारखान्यांतील दिवसाची मर्यादा नऊवरून बारा तासांवर न्यायची, दुकाने व आस्थापनांतील मर्यादा नऊवरून दहावर न्यायची आणि तिमाहीतील जादा कामाची मर्यादा १४४ तासांपर्यंत वाढवायची, असा तो निर्णय. वृत्तपत्रांनी त्याची चर्चा कारखान्यांच्या अंगाने केली, कामगार संघटनांनी निषेधाची पत्रके काढली आणि विषय मागे पडला. परंतु राज्याच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यातील आस्थापनेची व्याख्या ज्यांनी वाचली असेल त्यांना ठाऊक असेल की, तीत रुग्णालय, दवाखाना, प्रसूतिगृह ही सारी नावानिशी बसवलेली आहेत. खासगी इस्पितळातील परिचारिका कायद्याच्या दृष्टीने कापडदुकानातील नोकराच्या रांगेत उभी आहे. (त्यात तिचा अपमान काही नाही; दुकानातील नोकरही माणूसच असतो आणि त्याचेही पाय दुखतात.) खरी मेख पुढेच आहे. पूर्वी या कायद्याच्या बंधनांना दहा कामगारांची अट होती, ती याच निर्णयाने वीस कामगारांवर नेली. तालुक्याच्या गावी दहा-पंधरा खाटांचे इस्पितळ चालवणारा डॉक्टर पटावर वीस माणसे कशाला दाखवील? त्याच्यापुरता नऊ तास की दहा तास हा प्रश्नच उरत नाही. भिंतीवरचे घड्याळच काढून घेतले आहे.

हा वाद मुंबई-पुण्याच्या सभागृहांत एका तऱ्हेने ऐकू येतो आणि मलकापुरात दुसऱ्या तऱ्हेने. शाहूवाडी तालुक्यातील हे गाव कोल्हापूर-रत्नागिरी रस्त्यावर, आंबा घाटाच्या अलीकडे वसलेले आहे. १८४४ च्या बंडानंतर विशाळगडचे ठाणे उठले आणि जहागिरीची गादी येथे आली, एवढाच त्याचा राजेशाही इतिहास. पुढचा इतिहास पावसाचा, भाताच्या खाचरांचा, धनगरवाड्यांच्या पायवाटांचा आणि मुंबईच्या वाटेला लागलेल्या तरुणांचा. डोंगरातील वाडीवर कोणाला पान लागले, कोणी बाळंतपणात अडली, घाटात ट्रक उलटला, तर पहिली धाव मलकापूरच्या ग्रामीण रुग्णालयाकडे असते आणि दुसरी, रात्रीअपरात्री, पन्नास किलोमीटरच्या आसपास असलेल्या कोल्हापूरच्या सीपीआरकडे. या दोन धावांच्या मधला काळ ज्या माणसाच्या हातात असतो ती रातपाळीची परिचारिका होय. डॉक्टर येऊन तपासतो, सूचना लिहितो आणि पुढच्या रुग्णाकडे वळतो. दर पंधरा मिनिटांनी नाडी पाहणारी, सलाइनचा थेंब मोजणारी, सर्पदंशाच्या रुग्णाच्या पापण्या जड होऊ लागल्या हे सर्वांआधी ओळखणारी व्यक्ती तीच असते. अशा माणसाचा अकरावा आणि बारावा तास कसा असेल, हा प्रश्न परिचारिकेच्या सोयीचा जेवढा आहे तेवढाच डोंगरातल्या रुग्णाच्या जिवाचा आहे.

या भागाला पाळी म्हणजे काय हे शिकवावे लागत नाही. कोल्हापूरच्या डोंगरी तालुक्यांनी गिरणगावाला माणसे पुरवली. पहिली पाळी, दुसरी पाळी, रातपाळी आणि ‘बदली’ हे शब्द त्यांच्या घरात शेतीच्या शब्दांइतकेच सहज आले. पूर्ण पगाराच्या कामगाराच्या जागी रोज दारात उभा राहणारा बदली कामगार काय असतो हे ज्या घरांनी पाहिले आहे, त्यांना अकरा महिन्यांच्या कंत्राटावर नेमलेल्या परिचारिकेची दशा वेगळी समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

आता हिशोब पाहू गेल्यास तो फार अवघड नाही, आणि तो टाळण्यासाठीच एवढी मोठमोठी भाषणे होतात. एका जागी अहोरात्र एक परिचारिका हजर ठेवायची तर आठवड्याचे १६८ तास भरावे लागतात. ४८ तासांच्या आठवड्याने त्याला साडेतीन परिचारिका लागतात. रजा, आजारपण, बाळंतपण यांसाठी भारतीय परिचर्या परिषदेने सुचवलेले तीस टक्के राखीव मनुष्यबळ धरले तर साडेचार. त्याच परिषदेचे सर्वसाधारण रुग्णालयासाठीचे प्रमाण पाच रुग्णांमागे एक परिचारिका असे आहे. ते प्रत्येक पाळीला लावले तर तीस खाटांच्या रुग्णालयात एका वेळी सहा जणी हव्यात, म्हणजे एकूण सत्तावीस. केंद्राच्या सार्वजनिक आरोग्य मानकांच्या २०१२ च्या आवृत्तीने तीस खाटांच्या केंद्राला आवश्यक म्हणून दिल्या दहा. या दहाही जागा भरलेल्या असल्या तरी एका वेळी जेमतेम दोघी कामावर राहतात. एक प्रसूतिगृहात अडकली की सगळा वॉर्ड दुसरीच्या गळ्यात. एक जागा रिकामी राहिली, एक बाळंतपणाच्या रजेवर गेली, एकीला लसीकरणाच्या मोहिमेवर पाठवले, की रात्री एकटी उरते. सकाळी बदलीची परिचारिका आली नाही तर तिला वॉर्ड सोडून जाता येत नाही. चार्ज दिल्याविना जाणे हा गुन्हा. चार्ज घ्यायला कोणी न पाठवणे हा मात्र कोणाचाच गुन्हा नाही.

पाळी आठ तासांची केली काय किंवा बारा तासांची केली काय, या १६८ तासांतला एकही तास कमी होत नाही. बारा तासांची परिचारिका आठवड्यातून चारच दिवस बोलावली तर तिचेही ४८ तास होतात, आणि जागा भरायला पुन्हा साडेतीनच परिचारिका लागतात. चार्ज देण्याघेण्यात जाणारा थोडा वेळ वाचेल, एवढेच. मग इस्पितळांचे मालक बारा तासांच्या पाळीवर इतके लुब्ध का? कारण ते तिला चार दिवस बोलवत नाहीत, सहा दिवस बोलवतात. सहा दिवसांचे ७२ तास होतात, आणि १६८ ला ७२ ने भागले की साडेतीनच्या जागी सव्वादोनच्या थोडी वर संख्या येते. तिघींमागे एक परिचारिका कमी झाली, तिचा पगार शिल्लक पडला आणि तिचे काम उरलेल्या दोघींनी व्रत म्हणून उचलले. तेव्हा बारा तासांचा पुरस्कर्ता कोठे भेटला, तर त्याला जास्त विचारण्याचे कारण नाही. आठवड्यातून किती दिवस, एवढेच विचारावे.

साखर कारखान्यांच्या या जिल्ह्यात तर ही गोष्ट अधिकच लाजिरवाणी ठरते. गळिताच्या हंगामात कारखान्याचे चाक अहोरात्र फिरते, आणि दर आठ तासांनी भोंगा होऊन पाळी बदलते. थकलेल्या कामगाराच्या हातून यंत्राची हानी होते हे सहकारमहर्षींना ठाऊक असते. ऊस खोळंबलेला त्यांना चालत नाही. उसाच्या रसासाठी तीन पाळ्या आणि बाळंतिणीसाठी दोन, असा हा न्याय आहे. त्याच पुढाऱ्यांच्या आप्तांची जी इस्पितळे तालुक्यातालुक्यांत उभी राहिली आहेत तेथे भोंगा नाही, हजेरीपटही धड नाही, आणि ‘सिस्टर’ म्हणून उभी केलेली मुलगी पुष्कळदा परिचर्येची पदविकाही न घेतलेली, हाताखाली शिकलेली असते. तिला बारा तास उभे ठेवणे सोपे जाते, कारण तिला दुसरीकडे नोकरी मिळण्याची भीती मालकाला नसते.

बारा तासांच्या बाजूने जो शास्त्रीय युक्तिवाद करतात तो असा की, पाळ्या जितक्या कमी तितक्या वेळा रुग्ण एका हातातून दुसऱ्या हातात कमी जातो आणि चुका टळतात. ऐकायला हे बरे वाटते. अमेरिकेत २००४ मध्ये ३९३ परिचारिकांच्या नोंदींवरून झालेल्या अभ्यासात साडेबारा तास किंवा अधिक काम झाल्यावर चुकीचा संभव तिपटीने वाढलेला आढळला. २०१४ मध्ये युरोपातील बारा देशांच्या ४८८ रुग्णालयांतील ३१ हजारांहून अधिक परिचारिकांची पाहणी प्रसिद्ध झाली. बारा तास वा त्याहून अधिक काम करणाऱ्यांनीच आपल्या वॉर्डातील शुश्रूषेचा दर्जा वाईट असल्याचे आणि करावयाची कामे राहून जात असल्याचे अधिक प्रमाणात सांगितले. तिकडच्या परिचारिकेच्या हाताखाली जे रुग्ण असतात त्यांच्या कितीतरी पट रुग्ण इकडच्या परिचारिकेच्या वाट्याला येतात, हे लक्षात घेता इकडचे चित्र त्याहून बरे असण्याचे कारण दिसत नाही.

एक युक्तिवाद मात्र असा आहे की त्याला झटकून टाकणे अप्रामाणिकपणाचे होईल, कारण तो मालकांचा नाही, परिचारिकांचाच आहे. कोल्हापूरहून किंवा लांबच्या गावाहून मलकापूरला नोकरीस येणारी परिचारिका म्हणते की, सहा दिवस सहा खेपा करण्यापेक्षा चार दिवस चार खेपा बऱ्या. पावसाळ्यात एसटीचा भरवसा नसतो. दुपारची पाळी रात्री संपते तेव्हा गाडी निघून गेलेली असते. लहान मूल शेजारणीकडे सहा दिवस टाकण्यापेक्षा तीन दिवस सलग त्याच्याजवळ राहता आले तर कोणत्या आईला नको आहे? हे म्हणणे खरे आहे. ज्या कार्यकर्त्यांना ते खोटे वाटते त्यांनी कधी रात्री नऊ वाजता एसटीच्या थांब्यावर एकट्या बाईचे उभे राहणे काय असते याचा विचार केलेला नाही.

पण या युक्तिवादात बारा तासांची मागणी कोठे आहे? तीत निवासस्थानाची मागणी आहे, एसटीची मागणी आहे, पाळणाघराची मागणी आहे, रात्रीच्या सुरक्षिततेची मागणी आहे. या चारही गोष्टी देणे ज्यांचे कर्तव्य होते त्यांनी त्या दिल्या नाहीत, आणि त्या न दिल्यामुळे ओढवलेली अगतिकता आता संमती म्हणून पुढे केली जाते. २०१७ च्या त्याच कायद्याने रातपाळीच्या स्त्री कामगाराच्या संरक्षणाची आणि तिला घराच्या दारापर्यंत वाहनाने पोहोचवण्याची जबाबदारी मालकावर टाकली आहे. लवचिकतेचे स्तोत्र गाणाऱ्यांना त्या कलमाचा मात्र नेमका विसर पडतो. शिवाय ज्या तीन सुट्यांचे आमिष दाखवले जाते, त्यांतील पहिली झोपेत जाते आणि उरलेल्या दोन चूल, धुणे, पाणी, सासूसासऱ्यांचे औषधपाणी यांत. पुरुषाची सुट्टी ही सुट्टी असते. स्त्रीची सुट्टी ही बिनपगारी पाळी असते. २०१२ मध्ये अमेरिकेतील चार राज्यांच्या २२ हजारांवर परिचारिकांची एक पाहणी प्रसिद्ध झाली, तीत मोठी शिकवण आहे. शंभरांतील ऐंशींहून अधिक जणींनी आपल्या पाळ्यांच्या आखणीबद्दल समाधान सांगितले. आणि तरीही पाळी जितकी लांब तितका त्यांचा शिणवटा अधिक व रुग्णांचे असमाधान अधिक, असेच त्याच पाहणीत दिसले. माणूस आपल्या झिजेशी जुळवून घेतो, म्हणून झीज थांबत नाही.

यावर कोणी म्हणेल की, परिचारिकांनी स्वतःच्या संघटनेमार्फत, खुल्या मतदानाने, बारा तासांचे तीनच दिवस मागितले तर? तर तो निराळा प्रश्न होईल आणि त्याला विरोध करण्याचे कारण उरणार नाही, परंतु त्याला अटी आहेत. आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेने १९७७ मध्ये परिचारिकांविषयी जो करार आणि जी शिफारस संमत केली, तीत सलग आठ तासांचा दिवस, जादा काम धरून विशेष आणीबाणीखेरीज बारा तासांपलीकडे न जाणे आणि दोन पाळ्यांमध्ये किमान बारा तासांची विश्रांती सांगितलेली आहे. कामाच्या तासांचा १९१९ चा पहिला करार १९२१ मध्ये मान्य करणाऱ्या भारताने परिचारिकांच्या या कराराला अद्याप मान्यता दिलेली नाही. केंद्र सरकारनेच १९८७ मध्ये सरोजिनी वरदप्पन यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या उच्चाधिकार समितीने परिचारिकांचा आठवडा ४० तासांवर आणावा, सर्व राज्यांत सलग पाळी लागू करावी आणि जादा तासांचा मोबदला रजेच्या किंवा पैशाच्या रूपाने द्यावा अशी शिफारस केली. त्या शिफारशीवर इतक्या वर्षांची धूळ आहे की आज सरकार बारा तासांना ‘सुधारणा’ म्हणू शकते आणि कोणाला हसू येत नाही. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून नेमलेल्या समितीने पन्नासपेक्षा कमी खाटांच्या खासगी रुग्णालयातही परिचारिकेला दरमहा वीस हजार रुपयांपेक्षा कमी वेतन असू नये आणि कामाचे तास, रजा, निवास, वाहतूक या बाबी सरकारी परिचारिकांच्या बरोबरीने असाव्यात असे सांगितले. त्याची अंमलबजावणी राज्यांवर सोपवली गेली, आणि राज्यांवर सोपवणे म्हणजे काय हे वेगळे सांगायला नको. एका इस्पितळात दिवसपाळी करून दुसऱ्यात रातपाळीला उभी राहणारी परिचारिका लोभापायी राबत नाही. एका पगारात घर चालत नाही म्हणून राबते.

सेवाधर्माचे गोडवे गाणाऱ्यांना महाराष्ट्राचा इतिहासही एकदा दाखवला पाहिजे. १२ मे रोजी परिचारिकांच्या हाती गुलाबाचे फूल ठेवणारे पुढारी फ्लॉरेन्स नाइटिंगेलचा दिवा तेवढा सांगतात. तिने सैनिकांचे मृत्यू मोजले, तक्ते मांडले आणि त्या आकड्यांनी लंडनच्या युद्धखात्याला घाम फोडला, हे सांगत नाहीत. मोजणारी परिचारिका त्यांना परवडत नाही. सावित्रीबाई फुले यांनी पुण्याच्या प्लेगात रुग्णांची सेवा करता करता १० मार्च १८९७ रोजी देह ठेवला, हे भाषणात येतेच. त्याच साथीत, त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत, मुंबईत प्लेगग्रस्तांसाठी झटताना नारायण मेघाजी लोखंडे गेले, ही गोष्ट मात्र भाषणात येत नाही. लोखंडे म्हणजे गिरणी कामगारांची पहिली संघटना बांधणारे आणि १० जून १८९० रोजी रविवारची सुट्टी मिळवून देणारे सत्यशोधक. रुग्णसेवेत प्राण देणारा माणूस आणि कामगाराच्या विश्रांतीसाठी मालकाशी भांडणारा माणूस एकच होता. सत्यशोधकांना या दोहोंत विरोध दिसला नाही. सावित्रीबाईंच्या सेवेवर कोणी नफा कमावत नव्हते. आज तिच्या नावाने जी सेवा मागितली जाते तिचे बिल रुग्णाला खाटेमागे आणि दिवसामागे लागते. पुढे १९४६ मध्ये, व्हाइसरॉयच्या मंडळातील मजूरमंत्री डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या कारकिर्दीत, कारखान्यांचा आठवडा ५४ वरून ४८ तासांवर आला. त्याच वर्षी भोर समितीने देशात ४३ हजार लोकांमागे एक परिचारिका असल्याचे नोंदवून ५०० लोकांमागे एक हे लक्ष्य ठेवले. हे दोन निर्णय एकाच वर्षाचे आहेत हा योगायोग असेल. पण माणसे वाढवा आणि तास कमी करा ही दिशा त्या पिढीला स्पष्ट होती. आजचे राज्यकर्ते बरोबर उलट्या दिशेने चालले आहेत.

मार्च २०२० मध्ये याच राज्यकर्त्यांनी परिचारिकांसाठी थाळ्या वाजवल्या. मे २०२२ मध्ये बाह्यस्रोत भरतीविरुद्ध आणि जुलै २०२५ मध्ये कंत्राटीकरण व वेतनातील विषमता यांविरुद्ध त्या संपावर गेल्या तेव्हा थाळी वाजवणारे हात दिसले नाहीत. रुग्णांना वेठीस धरल्याचा ठपका मात्र तयार होता. संपाच्या दिवसांत रुग्णांचे हाल होतात हे खरे. तीस खाटांवर एक परिचारिका असलेल्या रात्री ते होत नाहीत, असे कोणाचे म्हणणे आहे काय?

डाव्या चळवळीनेही या प्रश्नाकडे सरळ पाहिलेले नाही. साखर कामगार, एसटी कामगार, अंगणवाडी सेविका यांच्या संघटना या जिल्ह्यात बांधल्या गेल्या. सरकारी परिचारिकांनी आपल्या आपण बांधल्या. खासगी इस्पितळातील सहा-आठ जणींच्या तांड्यापर्यंत मात्र कोणाचा झेंडा पोहोचला नाही. डॉक्टर गावातला प्रतिष्ठित, पुष्कळदा चळवळीला देणगी देणारा, कार्यकर्त्याच्या आईवर उपचार करणारा. त्याच्या दारात घोषणा कशी द्यायची, हा संकोच त्यामागे आहे. तो समजण्याजोगा असला तरी त्याची किंमत संकोच करणारे देत नाहीत.

शाहूवाडीच्या कार्यकर्त्यांना कामाला लागण्यासाठी मुंबईच्या आदेशाची वाट पाहावी लागणार नाही. मलकापूरच्या ग्रामीण रुग्णालयात आणि तालुक्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रांत परिचारिकांची मंजूर पदे किती, भरलेली किती, कंत्राटी किती आणि मोहिमेवर पाठवलेल्या किती, ही माहिती २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली दहा रुपयांच्या अर्जाने मिळते. रुग्ण कल्याण समितीच्या बैठकीत गेल्या तीन महिन्यांचा ड्युटीचा तक्ता मागता येतो. रात्री किती वेळा एकटी परिचारिका होती हे त्यावरून कोणालाही वाचता येईल. खासगी इस्पितळांतील परिचारिकांची तालुकावार यादी, त्यांचे तास, त्यांचा पगार आणि साप्ताहिक सुट्टी मिळते की नाही याची नोंद, हे महिलाआघाडीने घरोघर जाऊन करण्याचे काम आहे. इस्पितळाच्या दारात त्या बोलणार नाहीत. आणि मलकापूरला एसटीचे आगार आहे. दुपारची पाळी सुटल्यावर बांबवड्याच्या बाजूला एक गाडी आणि सकाळच्या पाळीआधी तिकडून एक गाडी, एवढ्या दोन फेऱ्यांचे निवेदन आगारप्रमुखांना पुढच्या आठवड्यातच देता येण्यासारखे आहे.